टेंभुरपोडच्या कोऱ्या काचा

१

सात काचा कोऱ्या होत्या.

डब्यातल्या उरलेल्या अठरा काचांवर तपकिरी रक्त जिथल्या तिथे होते. प्रत्येक काचेवर एक जाड ठिपका, शेजारी रक्ताचाच पसरलेला पातळ थर आणि त्या वाळलेल्या थरावर साध्या पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. तापाच्या रोग्यांचे रक्त गोळा करण्याची हीच रीत होती. बाराव्या खाचेपासून अठराव्या खाचेपर्यंतच्या काचा मात्र कारखान्यातून नुकत्या आल्यासारख्या स्वच्छ होत्या. रक्त गेले होते आणि रक्तावर लिहिलेला क्रमांकही त्याच्याबरोबर गेला होता.

सेवादास राठोडांनी डब्यासोबतची यादी पाहिली. सातही काचा एकाच वस्तीच्या होत्या. झरी-जामणीकडच्या जंगलातले टेंभुरपोड, कोलामांची तेवीस घरे. ऑगस्टपासून ही चौथी वेळ होती आणि चारही वेळा टेंभुरपोडचेच रक्त नाहीसे झाले होते.

राठोड कीटकशास्त्रज्ञ होते. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर जन्मले, नागपुरात शिकले आणि तिथेच हिवतापाच्या डासांवर काम करू लागले. १९६३च्या एप्रिलमध्ये एका सोमवारी त्यांना बोरखडीच्या मलेरिया केंद्रावर पाठवण्यात आले, ते एका प्रश्नाचे उत्तर घेऊन यायला : काचा वाचणारी सूक्ष्मदर्शक-तंत्रज्ञ रशीदाबी हिला काढून टाकायचे की नाही? नमुने नष्ट केल्याचा ठपका ठेवून तिला मेमो दिलेला होता. शनिवारपर्यंत समाधानकारक खुलासा झाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती. आणि असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या बाईला दुसऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत कोणी उभे केले नसते.

केंद्र एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होते. जिन थांबून नऊ वर्षे झाली होती, तरी छताच्या कैच्यांना कापसाचे पुंजके लोंबत होते आणि बाहेर पान हलत नसतानाही ते सावकाश झुलत. तापलेल्या पत्र्याखाली हवा वर चढते, त्यामुळे ते झुलतात, अशी राठोडांनी मनाशी नोंद केली. कारण कळल्यावरही त्यांची नजर दोनदा वर गेली.

दर्शनी भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर महिन्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे खडूने काढलेले एक गोल शून्य. अकरा महिने, अकरा शून्ये. या भागात हिवतापाचा एकही रोगी सापडलेला नाही, असा त्याचा अर्थ. बारावे शून्य लागले की फवारणी बंद होणार होती आणि केंद्राचे नाव वर जाणार होते.

झाडलोट करणारी भुरीबाई पाणी घेऊन आली. राठोडांनी तिला तिच्याच बोलीत ‘याडी’, म्हणजे आई, अशी हाक मारली, तशी ती क्षणभर थबकली. मग प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या एका स्टुलाकडे न बघता तिने त्या दिशेला मान उडवली.

“तिथं नको बसू बापू. रामरावची जागा हाये ते. दुपारी येते तो.”

“कोण येतो?”

“मेलेला मानूस. येते अन् मोजत राह्यते. एक, दोन, तीन... मी माह्या कानानं आयकलं.”

२

रामरावची हकिगत राठोडांना चौघांकडून चार वेळा ऐकायला मिळाली. तेवढ्या भागात चौघांचे एकमत होते, म्हणून त्यांनी ती खरी धरली.

रशीदाबीच्या आधी रामराव त्या स्टुलावर बसत असे. गेल्या ऑगस्टमध्ये टेंभुरपोडच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसल्याचा अहवाल त्याने लिहिला. अहवालाची फाइल त्या काचांसकट कार्यालयातच नाहीशी झाली. फेरतपासणीसाठी नव्या काचा मागवल्या, तर त्या कोऱ्या निघाल्या. रामरावला मेमो मिळाला. तेव्हा तो रजा टाकून, स्वतःच्या पायांनी, पुन्हा रक्त आणायला टेंभुरपोडला गेला, आणि परतला तो काचांऐवजी ताप घेऊनच. नवव्या दिवशी तो गेला. मृत्यूच्या नोंदीत ‘विषमज्वर’ असे लिहिले आहे. त्यानंतर काचा पुन्हा कोऱ्या निघाल्या, तेव्हा रामरावच आपल्या वाट्याचे रक्त पिऊन जातो, अशी कुजबुज सुरू झाली.

बाकी मुलाखतींत मात्र कशाचा कशाला मेळ नव्हता.

रशीदाबी गावातल्या मोहिउद्दीन मिस्त्रींची मुलगी. वय चोवीस, बोलणे तुटक, बोटांच्या टोकांना प्रयोगशाळेच्या रंगाचा निळसर डाग. तिच्या मते तिच्या मुळावर आलेला माणूस एकच, वरिष्ठ तंत्रज्ञ सदाशिवराव. बाईमाणसाच्या हाताने वाचलेल्या काचांवर आपण सही करणार नाही, असे ते म्हणतात. सात महिन्यांत ते तिच्याशी कामापलीकडे सात वाक्येही बोललेले नाहीत.

“ते असं म्हणाले, ते तुम्ही ऐकलंत?”

“आयकायले कायले पाह्यजे, साहेब? समद्या ऑफिसले मालूम हाये.”

सदाशिवराव साठीकडे झुकलेले, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. त्यांनी सांगितले की ती मुलगी त्यांच्या जागेवर डोळा ठेवून आहे आणि त्यांच्याविरुद्ध नागपूरला अर्ज लिहिते. रामरावनेही तेच केले होते. अर्ज त्यांनी पाहिला होता का? नाही. भुरीबाईला पक्के ठाऊक होते की रशीदाबीला तिच्या हातचे पाणी चालत नाही आणि ती तिला कामावरून काढायला लावणार आहे. रशीदाबी हे तिला कधी म्हणाली? म्हणाली नव्हती. उलट, रोज तिच्याच हातचे पाणी पीत होती.

शेवटी हेडक्लार्क भगवानराव. अधिकारी तीन महिने रजेवर असल्यामुळे कार्यालय त्यांच्याच खांद्यावर होते, आणि ते ओझे ते हसतमुखाने वाहत होते. त्यांनी राठोडांसाठी घरून डबा आणवला होता. कोणाबद्दलही त्यांनी वाईट शब्द काढला नाही. दर गुरुवारी रामरावच्या स्टुलापाशी ते उदबत्ती लावत. बोलता बोलता जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचे टोक ते तिकिटे ओली करायच्या स्पंजाच्या वाटीत टेकवीत आणि आवकबुकात एकेक नोंद मोत्यासारख्या अक्षरात करीत.

“साहेब, तुम्ही आपल्या जिल्ह्याचे, आपलाच मानूस म्हनून सांगतो,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “सदाशिवरावाईचं मन त्या पोरीबद्दल साफ नाही. अन् पोरगीबी काही कमी नाही. मी दोघाईलेही सांभाळून घेतो. पन माहं नाव घेऊ नका.”

बाकी तिघांनाही कोणी असेच, ‘माहं नाव घेऊ नका’ म्हणून, हे सारे सांगितले होते का, असे त्यांना विचारायचे राठोडांनी मनाशी ठरवले. तेवढ्यात घड्याळात दीड वाजला. कर्मचारी जेवायला पांगले होते, भगवानराव हात धुवायला उठले होते आणि प्रयोगशाळेचे दार बंद होते.

त्या बंद दाराआड कोणीतरी मोजत होते.

३

आवाज पुरुषाचा, घोगरा आणि अतिशय संथ होता. “एक्केचाळीस.” मग बराच वेळ काही नाही. “बेचाळीस.” पुन्हा शांतता. मोजणाऱ्याला कसलीही घाई नव्हती.

राठोडांनी दार ढकलले. कडी आतून होती. त्यांनी गोदामाला वळसा घातला; सरकीच्या जुन्या ढिगामधून वाट काढताना त्यांचे बूट घोट्यापर्यंत रुतले आणि काही पावलांचा वेळ वाया गेला. मागचे दार उघडेच होते. आत कोणी नव्हते.

रामरावच्या स्टुलावर त्यांनी तळहात ठेवला. बैठक कोमट होती. त्यांनी शेजारच्या स्टुलालाही हात लावला. तेही कोमट होते. एप्रिलात पत्र्याखालचे सारेच लाकूड कोमट असते, म्हणजे यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे भिंग तपासले. भिंगावर तेलाचा थेंब होता, ओला. सूक्ष्म जंतू पाहायचे असतील तर काच आणि भिंग यांच्यामध्ये देवदाराचे तेल घालावे लागते.

मेलेल्या माणसाला तेल लागत नाही. येणारा जिवंत होता आणि काहीतरी पाहत होता. पण तो काय पाहत होता? या केंद्रात तर सगळी शून्येच होती.

त्या संध्याकाळी राठोडांनी एक प्रयोग केला. डासांची वस्ती किती दूरवर जाते हे पाहायचे असले, की थोडे डास पकडून त्यांच्या अंगावर रंगाची पूड उडवतात आणि सोडून देतात. मग तो रंग कुठे कुठे सापडतो ते पाहतात. त्यांनी भगवानरावांना बाजूला घेतले आणि, कोणाजवळही बोलू नका, असे बजावून सांगितले की सदाशिवरावांची नजर अधू झाल्याचा त्यांना संशय आहे. हे त्यांनी दुसऱ्या कोणालाही सांगितले नाही. ते खरेही नव्हते.

रंग लावलेला डास दुसऱ्या दिवशी अकराला परत आला. सदाशिवराव समोर येऊन उभे राहिले.

“चाळीस वर्षं झाले मले भिंगात पाहून. अन् त्या रशीदानं तुमाले सांगतलं म्हने, का मी आंधळा झालो?”

४

बुधवारी दिवसभर राठोड कोऱ्या काचांसमोर बसून होते.

ऑगस्टमधला डबा रामरावने चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेला होता. त्या काचा उघड्या डोळ्यांना कोऱ्या दिसत. भिंगाखाली त्या तशा नव्हत्या. कडेकडेने रक्ताची कुरतडलेली किनार होती, मध्ये किड्यांची विष्ठा. त्या पावसाळ्यात कोणीतरी डबा उघडा टाकला होता आणि झुरळांनी वाळलेले रक्त खाल्ले होते. हिवतापाच्या प्रत्येक केंद्रात हे कधी ना कधी घडते. त्या डब्यात टेंभुरपोडखेरीज दुसऱ्या गावाची काच नव्हती, म्हणून नुकसान एकाच गावाचे झाले. भुताची गोष्ट या अपघातापासून सुरू झाली.

पुढच्या तीन डब्यांत तसे नव्हते. त्यांत अनेक गावांच्या काचा एकत्र होत्या आणि अकराव्या काचेचे रक्त शाबूत ठेवून बारावीचे संपवले होते. झुरळांना गावांची यादी वाचता येत नाही. काचा खाचांत यादीच्याच क्रमाने लावलेल्या असतात. म्हणजे ज्याच्या हाती यादी, त्याला टेंभुरपोड नेमके उचलता येते. या काचांना कुरतडलेली किनार नव्हती. होता तो फक्त कडेला राहिलेला एक फिकट जांभळा ओघळ.

मेमोचा सारा भर त्या ओघळावर होता. जांभळट-निळा रंग प्रयोगशाळेचा, तो वापरणारी रशीदाबी, म्हणजे तिनेच काचा रंगवून धुऊन टाकल्या. तिच्या बोटांवरचे डाग पाहून कोणालाही ते पटले असते.

राठोडांनी एका कोऱ्या काचेच्या ओघळावर तीव्र आम्लाचा एक थेंब सोडला. जांभळा रंग हिरवा झाला, मग पिवळा. त्यांनी रशीदाबीच्या रंगाच्या बाटलीतला थेंब घेऊन त्यावरही आम्ल सोडले. तो निळाच राहिला. राहणारच होता, कारण तो रंग तयार करतानाच त्यात आम्ल घालतात.

जांभळे दोन प्रकारचे होते. एक त्यांना माहीत होते. दुसरे या इमारतीत कुठे आहे, हे आठवायला त्यांना अर्धे मिनिट लागले.

५

शुक्रवारी सकाळी राठोडांनी चौघांना भगवानरावांच्या टेबलाभोवती बसवले. त्यांनी काही आरोप केला नाही. स्पंजाच्या वाटीतले पाणी एका काचेवर घेतले, त्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि सगळ्यांना पाहू दिले. जांभळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे.

मग त्यांनी शांतपणे क्रम सांगितला. जंगलातून काचांचे डबे गुरुवारी दुपारच्या बसने येतात. आवक-नोंदीसाठी ते यादीसकट भगवानरावांच्या टेबलावर राहतात आणि शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत जातात. न रंगवलेले रक्त ओल्या स्पंजाने पुसले की निघून जाते; कॉपिंग पेन्सिलीचे पाणी मात्र कडेला खूण ठेवते. बारावे शून्य लागले की केंद्राचा गौरव होणार होता आणि यवतमाळच्या मोठ्या कचेरीतली बढती भगवानरावांच्या नावावर पडणार होती. टेंभुरपोड त्या शून्याच्या आड येत होते.

“आणि आता एकेकाने सांगा,” राठोड म्हणाले, “तुमच्याविरुद्ध कोण काय बोललं, ते तुम्हाला कोणी सांगितलं?”

आधी भुरीबाईने भगवानरावांकडे पाहिले. मग रशीदाबीने. सदाशिवरावांना मान उचलायला सर्वांत जास्त वेळ लागला.

रशीदाबी सदाशिवरावांकडे वळली. “बाईच्या काचाईवर सही करनार नाही, असं तुमी म्हनलं होतं का, काका?”

“मी? मी कायले म्हनीन? मले तं सांगतलं, का तुलेच माही सही नको म्हनून.”

भगवानरावांच्या चेहऱ्यावरचे हसू जागचे हलले नाही. ते दुखावले गेले होते एवढेच.

“मी कोनाचं वाईट नाही केलं,” ते म्हणाले. “साऱ्याईले सांभाळून घेतलं. अन् साहेब, समजा पुसल्या काचा. पन त्याईवर काय होतं, ते कोनाले मालूम? निरोगी लोकाईचं रक्त असन. रोग होता, असा एक तरी पुरावा हाये का तुमच्यापाशी?”

राठोडांकडे पुरावा नव्हता. तो धुतला गेला होता. रशीदाबीने काचा धुतल्या नाहीत हे ते सिद्ध करू शकत होते, पण टेंभुरपोडच्या रक्तात ताप होता हे नाही. आणि त्याशिवाय फळ्यावरची अकरा शून्ये पुसता येणार नव्हती.

सदाशिवराव उठले. स्वतःच्या टेबलाच्या खणातून त्यांनी कागदात गुंडाळलेली एक काच आणली. ती रंगवलेली होती. पातळ थरावर गावाचा क्रमांक नव्हता. पेन्सिलीने एकच अक्षर लिहिले होते : रा.

“रामरावची हाये,” ते म्हणाले.

टेंभुरपोडहून तापात परतल्यावर रामरावने स्वतःच्या बोटाला सुई टोचून ती काच केली होती आणि भुरीबाईच्या हाती सदाशिवरावांना पाठवली होती. सोबत निरोप होता, लवकर पाहा. तो निरोप मिळण्याच्या आदल्याच दिवशी भगवानरावांनी सदाशिवरावांना बाजूला घेऊन सांगितले होते की रामरावने त्यांच्याविरुद्ध अर्ज केला आहे. सदाशिवरावांनी काच खणात टाकली. तीन दिवस ती त्यांनी पाहिली नाही. चौथ्या दिवशी रागाचा जोर ओसरला, तेव्हा त्यांनी ती रंगवून भिंगाखाली धरली, आणि औषध घेऊन ते धावत रामरावच्या घरी पोहोचले, तेव्हा दारात बांबू आणि गवऱ्या आल्या होत्या.

“तेव्हापासून रोज दुपारी पाह्यतो,” ते म्हणाले. “मोजतो. दर वेळेस वाटते, का या खेपेस कमी भरतीन. हे लोकाईपुढं काढतो, तं तीन दिवस कायले ठेवली, हे सांगा लागलं असतं.”

राठोडांनी काच भिंगाखाली ठेवली आणि तेलाचा थेंब सोडला. रक्तपेशींमध्ये बारीक अंगठ्यांसारखे जंतू गर्दी करून होते. मधूनच एखादा केळ्यासारखा वाकडा. जीवघेण्या हिवतापाची हीच ओळख. हा विषमज्वर नव्हता. टेंभुरपोडला जाऊन आलेल्या माणसाच्या अंगात टेंभुरपोडचा ताप होता, आणि या इमारतीतून न पुसले गेलेले तेवढे एकच रक्त होते.

ते उठले, फळ्यापाशी गेले आणि ऑगस्टपुढचे शून्य हाताने पुसले.

६

शनिवारी राठोडांनी अहवाल लिहिला. त्यात रशीदाबीला दिलेला मेमो मागे घेण्याची, भगवानरावांना निलंबित करण्याची आणि सोमवारच्या आत टेंभुरपोडला औषध व फवारणीची तुकडी पाठवण्याची शिफारस होती. सदाशिवरावांनी काच तीन दिवस ठेवली होती, हेही त्यांनी लिहिले. सदाशिवरावांनीच तसा आग्रह धरला होता. भुताविषयी अहवालात एक ओळ आली : कार्यालयातील अफवांचा उगम एकच असल्याचे आढळले.

दीडच्या सुमारास ते बसची वाट पाहत ओट्यावर बसले होते. भुरीबाई झाडू घेऊन प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेली आणि आत न जाता परत आली.

“काय झालं, याडी?”

“मोजून राह्यले, बापू,” ती म्हणाली. “आज दोन आवाज येते.”

राठोडांनी कान दिला. पत्र्याखालच्या उष्म्यात एक घोगरा आवाज आकडा म्हणत होता आणि क्षणभर थांबून, भिंगात स्वतः पाहून घेतल्यावर, एक तरुण आवाज तोच आकडा पुन्हा म्हणत होता.